साखरेचा आजार आणि डोळ्याचा पडदा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (शेतकरी, वय 52, तालुका दारव्हा) : मला चार वर्षांपासून शुगर आहे. मागच्या वर्षी गावातल्या शिबिरात नंबर तपासला, तो ठीक निघाला. धुऱ्यावर उभे राहून रस्त्यावरच्या एसटीची पाटी वाचता येते. मग डोळे पुन्हा कशाला तपासायचे?

उत्तर : शिबिरात तुमचा चष्म्याचा नंबर तपासला गेला, शुगरमुळे बिघडतो तो डोळ्याच्या आतला पडदा. रक्तातील साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की पडद्यावरच्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या कमजोर होतात, त्यांतून पाणी आणि रक्त झिरपू लागते, काही वाहिन्या बंद पडतात आणि पुढे नव्या, नाजूक वाहिन्या उगवतात, ज्यांतून कधीही रक्तस्राव होऊ शकतो. पडद्याच्या मधल्या भागाला धक्का लागेपर्यंत यातले काहीच दुखत नाही आणि बहुधा नजरही कमी होत नाही. शिवाय एक डोळा अधू झाला तर दुसरा त्याचे काम सांभाळून घेतो. माझ्याकडे आलेल्या एका काकांच्या उजव्या डोळ्यात सोयाबीनच्या मळणीत कुटार गेले. तो डोळा हाताने झाकला, तेव्हा डाव्या डोळ्याने त्यांना समोरचा ट्रॅक्टरही नीट दिसेना. तोवर त्यांची काहीच तक्रार नव्हती, याचे मला आजही वाईट वाटते.

मोठ्या वयात होणारा मधुमेह निदानाआधी काही वर्षे शरीरात असू शकतो, म्हणून पडद्याची पहिली तपासणी निदान होताच आणि नंतर साधारणपणे दरवर्षी करायची असते. तुमची चार वर्षे निघून गेली आहेत. कापूस वेचून होईपर्यंत थांबू नका.

प्रश्न (गृहिणी, तालुका वरुड) : थेंब टाकल्यावर दिवसभर दिसत नाही, असे सांगून सासूबाई तपासणीला येत नाहीत. थेंबांशिवाय होणार नाही का?

उत्तर : काही ठिकाणी थेंब न टाकता कॅमेऱ्याने पडद्याचा फोटो काढतात आणि पहिल्या चाळणीसाठी तो चालतो, पण बाहुली लहान असली किंवा मोतीबिंदू असला, तर फोटो धूसर येतो. थेंबांनी बाहुली मोठी व्हायला साधारण अर्धा तास लागतो आणि पुढचे चार-सहा तास जवळचे अंधुक दिसते, ऊन डोळ्यांना सहन होत नाही. त्यांना दिसेनासे होत नाही, एवढे त्यांना समजावून सांगा. सोबत कोणीतरी जावे, डोक्यावर पदर किंवा छत्री असावी, आणि काचबिंदू असल्यास थेंबांआधीच डॉक्टरांना सांगावे. जाण्यापूर्वी ग्रामीण रुग्णालयात नेत्रतपासणीचा वार विचारून घ्या. पडदा पाहण्याची सोय तेथे नसेल, तर जिल्हा रुग्णालयासाठी किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासाठी चिठ्ठी मागा.

प्रश्न (शिक्षक, तालुका कुरखेडा) : लेझर केल्यावरही वडिलांची नजर वाढली नाही. गावात म्हणतात, लेझरनेच डोळा जातो.

उत्तर : लेझर गेलेली नजर परत आणण्यासाठी नसून उरलेली वाचवण्यासाठी असते. त्याने पडद्याच्या कडेच्या भागावर बारीक डाग दिले जातात, त्यामुळे नव्या वाहिन्या आकसतात. रात्रीची आणि बाजूची नजर थोडी मंदावू शकते, हेही खरे आहे. बरेच लोक डोळ्यात रक्त उतरल्यावर लेझरला येतात, पुढे नजर गेली की दोष लेझरच्या माथी येतो. पडद्याच्या मध्यावर सूज असेल तर डोळ्यात द्यायची इंजेक्शने लागतात. ती वेळेवर मिळाली तर काहींची नजर सुधारते, पण ती बहुधा अनेकदा घ्यावी लागतात. वडिलांचे पुढच्या भेटीचे कार्ड जपा, एकही तारीख चुकवू नका. डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके किंवा जाळे दिसले, तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी निघा.

प्रश्न (आशा ताई, तालुका धारणी) : गरोदर बाईला शुगर असेल तर?

उत्तर : शुगर गरोदरपणाआधीपासून असेल, तर पहिल्या तीन महिन्यांतच पडदा तपासावा, कारण या काळात तो झपाट्याने बिघडू शकतो. केवळ गरोदरपणात आलेल्या शुगरसाठी सहसा याची गरज नसते.