रिटेनरचं प्लास्टिक किती टिकेल, हे तपासतात कसं?

तुमचा प्रश्न असा: मुलीच्या ब्रेसेस निघाल्या, पारदर्शक रिटेनर (सरळ झालेले दात जागेवर राहावेत म्हणून घालायचं प्लास्टिकचं कवच) मिळाला आणि सहा महिन्यांत उजव्या दाढेपाशी त्याला चीर गेली. डॉक्टर म्हणतात मटेरियल उत्तम आहे, शीटच्या पाकिटावर ताकदीचे आकडेही छापलेत. मग चिरला कसा, आणि हे प्लास्टिक तपासतात तरी कसं?

मी गोव्यात फोंड्याला डेंटल लॅबमध्ये टेक्निशियन आहे, डॉक्टर नव्हे. दातांच्या साच्यावर प्लास्टिकची शीट दाबून रिटेनर काढायचे आणि अ‍ॅक्रिलिकच्या प्लेटा घालायच्या, यात पंधरा वर्षं गेली. पाकिटावरचा आकडा खोटा नसतो. फक्त तो तुमच्या मुलीच्या रिटेनरचा नसतो, सपाट, कोऱ्या, कोरड्या शीटचा असतो.

शीट म्हणजे तळहाताएवढी गोल चकती, रिटेनरसाठी बहुधा १ मिमी जाडीची. हीटरखाली ती मऊ होऊन मध्ये झोळ धरते, मग मशीन तिला साच्यावर दाबतं. दाबताना ती ताणली जाते आणि जिथे जास्त ताणली तिथे पातळ होते. परवाच एक फुकट गेलेला रिटेनर मधोमध कापून कॅलिपर लावला. दाढेच्या माथ्यावर ०.८ मिमी भरला, हिरडीकडच्या बाजूला जेमतेम ०.५. चीर कुठून सुरू होणार ते यावरूनच कळतं. त्यात आमचा पावसाळा. काही जातींच्या शीट हवेतली ओल पितात. जून-जुलैत पाकीट उघडं राहिलं तर गरम करताना आत बारीक बुडबुडे उठतात. असा रिटेनर सरळ टाकून द्यायचा असतो. घाईगर्दीत कोणी तो तसाच पुढे पाठवत नसेल, अशी खात्री मात्र मी देणार नाही.

आता तपासणी. सगळ्यात जुनी आणि सोपी म्हणजे वाकवण्याची. अ‍ॅक्रिलिकच्या ऑर्थोडोंटिक, म्हणजे दात सरळ करायच्या, प्लेटांसाठी आयएसओ २०७९५-२ हे मानक आहे. त्यात ६४ मिमी लांब, १० मिमी रुंद आणि ३.३ मिमी जाड पट्टी करतात, सुमारे ५० तास ३७ अंशांच्या पाण्यात ठेवतात आणि मग दोन टेकूंवर आडवी ठेवून वरून मध्यावर दाबतात. निदान ५० मेगापास्कल ताण सोसला पाहिजे. मला यात आवडते ती पाण्याची अट. अ‍ॅक्रिलिक पाणी शोषतं आणि शोषलेलं पाणी त्याला थोडं मऊ करतं, म्हणून कोरडी पट्टी मोडून मिळालेल्या आकड्याला तोंडाच्या हिशेबात फारशी किंमत नाही.

पण पारदर्शक रिटेनर किंवा अलाइनर (दात हळूहळू सरकवणारं तसंच कवच) मोडण्याच्या बऱ्याच आधी ढिला पडतो, आणि ते वाकवण्याच्या आकड्यात दिसत नाही. प्लास्टिक वाकवून तसंच धरून ठेवलं की त्याचा जोर हळूहळू ओसरतो. पहिल्या काही तासांत भराभर, मग सावकाश. याला स्ट्रेस रिलॅक्सेशन म्हणतात. अलाइनर एक-दोन आठवड्यांनी बदलायचा असतो म्हणून त्याचं निभतं. रिटेनरला दात ढकलायचे नसतात, पण महिनोन् महिने घट्ट बसायचं असतं.

हे मी एकदा स्वतः करून पाहिलं. एकाच शीटच्या दोन पट्ट्या कापल्या आणि दोन स्टीलच्या पेल्यांभोवती रबरबँडने आवळल्या. एक पेला टेबलावर ठेवला, दुसरा वॉटर बाथमध्ये ३७ अंशांवर बुडवला. दुसऱ्या दिवशी रबरबँड काढले. टेबलावरची पट्टी जवळजवळ सरळ झाली, थोडा बाक राहिला. पाण्यातली मात्र पेल्याची गोलाई बरीचशी धरून बसली. शीट तीच, दिवसही तेवढाच, फरक फक्त ओल आणि उबेचा. मालक म्हणाले, ‘काम नाही वाटतं आज.’

मोठ्या प्रयोगशाळांत याच्यापुढे थर्मोसायकलिंग करतात. नमुना आलटून पालटून ५ आणि ५५ अंशांच्या पाण्यात बुडवतात, म्हणजे आइस्क्रीमवर गरम चहा. अशा १०,००० फेऱ्या म्हणजे तोंडातलं अंदाजे एक वर्ष, असं धरायची पद्धत आहे. एका फेरीला मिनिट धरलं तर मशीन आठवडाभर चालतं. यात दात खाण्याचा जोर नसतो, त्यासाठी चावणारी वेगळी यंत्रं असतात. आणि रिटेनर दिवसातून चारदा काढणारी नखंही नसतात.

तुमच्या चिरेबद्दल मला संशय त्याचाच आहे. एकाच बाजूला नख घालून ओढायची सवय असेल तर दर वेळी तीच पातळ कड वाकते. तार पुन्हापुन्हा वाकवून तोडतो, तसंच हे. शिवाय कड कापताना बरची, म्हणजे कापायच्या फिरत्या पात्याची, बारीक खाच राहिली आणि पॉलिश झाली नाही, तर चीर तिथूनच धावते. कडेवरून नख फिरवा, खाच असेल तर अडकेल.

गरम पाण्याचंही बघा. या शीट बहुधा पीईटीजीच्या असतात आणि ते प्लास्टिक ८० अंशांच्या आसपास मऊ पडतं. माझ्या बहिणीने जंतू मरावेत म्हणून भाच्याचा रिटेनर उकळत्या पाण्यात टाकला, तो शिजलेल्या तिसरीच्या शिंपल्यासारखा उघडला. मी टेक्निशियन असून घरात हे सांगायचं राहून गेलं होतं. मिरामारला उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर डबी ठेवणं त्याच वाटेने जातं. हळदीच्या हुमणाने, म्हणजे माशांच्या कालवणाने, पिवळा पडला तर मात्र घाबरू नका. रंग चढला म्हणजे ताकद गेली असं नाही. तरी जेवताना काढून ठेवायचाच.

डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: शीट कशाची आणि किती जाडीची होती, आणि मुलगी रात्री दात खाते का ते तपासलं का. खात असेल तर जास्त जाड शीट किंवा तारेची अ‍ॅक्रिलिक प्लेट, म्हणजे हॉले रिटेनर, बरा पडतो का ते तेच सांगतील. नवा मिळाला की दोन्ही बाजूंनी, आतल्या कडेला बोटं घालून थोडा थोडा सैल करत काढायला शिकवा.

चिरलेला रिटेनर आता तोंडात घालू नका आणि फेव्हिक्विकने तर मुळीच चिकटवू नका. पण टाकूही नका, पुसून डबीत ठेवा आणि डॉक्टरांकडे न्या. चीर कुठून सुरू झाली ते त्यावर दिसतं. साचा किंवा स्कॅन लॅबमध्ये शाबूत असेल आणि मधल्या दिवसांत दात हलले नसतील, तर नवं माप न घेताही दुसरा निघतो. तेव्हा उशीर करू नका, याच आठवड्यात जा.