वाहिनी सोडून नाट्यसहलींत येताय?

वाहिनीत पंधरा वर्षं टीआरपी बघून आता नाट्यसहली, म्हणजे लोकांना परदेशात नेऊन नाटकं दाखवायच्या सहली, काढायच्या म्हणताय, या! मीही त्याच वाटेने आलो. वेळापत्रक, बजेट आणि रुसवेफुगवे सांभाळायची सवय इथे आयती कामाला येते.

सुरुवात एकट्या लंडनपासून करा, न्यूयॉर्क नंतर. नवख्यांची ठरलेली चूक म्हणजे उतरल्याच संध्याकाळी नाटक. उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. म्हणजे तिथे साडेसातला पडदा उघडतो, तेव्हा पाहुण्यांच्या अंगात रात्रीचे बारा! माझ्या पहिल्या गटातले निम्मे मध्यंतरापूर्वीच घोरत होते.

आणखी दोन गोष्टी:

- आधी नाटकाची तिकिटं, मग विमानाची. लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमधल्या टीकेटीएस या तिकीटखिडकीवर सवलत मिळते, पण वीस जणांना सलग खुर्च्या मिळतील या भरवशावर राहू नका.
- शेक्सपिअरच्या ग्लोब नाट्यगृहात अंगणातलं तिकीट स्वस्त असतं, पण अख्खा प्रयोग उभ्याने आणि वर छप्पर नाही. ज्येष्ठांसाठी गॅलरीतला बाकच घ्या. (उशी भाड्याने घ्याच.)

बुधवारी-शनिवारी दुपारचेही प्रयोग असतात, पण तेवढ्यासाठी एका दिवसात दोन नाटकं कोंबू नका. बॅकस्टेज फेऱ्या वगैरे दुसऱ्या सहलीला बघू. तारखा ठरल्या की कळवा.