जिम्प या चित्र-संपादन सॉफ्टवेअरच्या प्लगइनसाठी (त्यात जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमसाठी) आयकॉन कुठून घ्यायचे आणि अडलं तर मदत कुठे मिळते?

आयकॉन बाहेर शोधू नका, जिम्पचेच वापरा. जिम्प ३.० मध्ये प्रोसिजर (प्लगइनने जिम्पमध्ये नोंदवलेलं काम) तयार करताना 'सेट_आयकॉन_नेम' या फंक्शनला आयकॉनचं नुसतं नाव द्यायचं, उदाहरणार्थ 'जिम्प-टूल-क्रॉप' (कोडमध्ये अर्थातच रोमन लिपीत). चित्राची फाइल जोडण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं, कारण वापरणाऱ्याने थीम बदलली की आयकॉनही त्याप्रमाणे बदलतो.

मदतीसाठी हेल्प मेनूतला प्रोसिजर ब्राउझर उघडा. प्रत्येक फंक्शनला काय द्यायचं ते तिथे लिहिलेलं असतं. सोबत येणारे 'गोट एक्सरसाइज' हे नमुना प्लगइन तर जरूर वाचा, शिकायला तेच उत्तम.

मात्र हे २०२५ मध्ये आलेल्या ३.० बद्दल आहे. आधीच्या २.१० आवृत्तीसाठी लिहिलेली पायथन उदाहरणं त्यात जशीच्या तशी चालत नाहीत.