किलार्नीच्या तळ्याला सायकलने फेरी मारायची आहे, पण गाड्या नकोत. कोणता मार्ग घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की जूनमध्ये डब्लिनहून दोघं तीन दिवसांसाठी किलार्नीला जाताय, पत्नीने कॉलेज सुटल्यापासून सायकलला हात लावलेला नाही, आणि गाड्यांचा त्रास न होता तळ्याला पूर्ण फेरी मारायची आहे. मी कॉर्कला राहते आणि सायकल घेऊन किलार्नीला जाणं माझं नेहमीचंच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मोठ्या तळ्याला, म्हणजे लॉख लेनला, काठाकाठाने गाड्यांशिवाय पूर्ण वळसा घालता येत नाही. पश्चिमेला डोंगर जवळजवळ थेट पाण्यातच उतरतात. तिकडे पायवाटा आहेत, पण सायकलसाठी सलग वाट नाही. त्यामुळे नकाशावर लॉख लेनभोवती गोल काढून त्या मागे लागलात तर बराच वेळ हमरस्त्यावर जाईल. पण किलार्नीत तळी तीन आहेत: लॉख लेन, मधलं मक्रस आणि वरचं अप्पर लेक. मक्रसला जवळजवळ पूर्ण फेरी मारता येते. तिन्ही तळी मिळून बघायची तर सायकल होडीत घालायची, पाण्यावरून वर जायचं आणि डोंगराच्या खिंडीतून सायकल चालवत परत यायचं. एक दिवस मक्रसला, एक दिवस होडी आणि खिंडीला, एवढंच ठरवा. तिसरा मोकळा ठेवा, कारण केरीत, म्हणजे किलार्नीच्या या जिल्ह्यात, पाऊस कोणालाच विचारून येत नाही.

पहिला दिवस मक्रसचाच ठेवा. गावातून मक्रस रोडच्या कडेने निघायचं आणि राष्ट्रीय उद्यानात शिरायचं. आत शिरल्यावर मोटारींचा आवाज मागे पडतो. वाटेवर असतात त्या घोडागाड्या. त्यांना इथे जॉन्टिंग कार म्हणतात आणि हाकणाऱ्याला जार्व्ही. घोडा दिसला की वेग कमी करा, मागून अचानक घंटी वाजवू नका, जार्व्हीला आधी हाक द्या आणि लांबून वळसा घेऊन पुढे जा. बहुतेक घोड्यांना सायकलींची सवय असते, पण नवख्या सायकलस्वाराला घोड्याची नसते, हे पत्नीला आधीच सांगून ठेवा.

मक्रस अ‍ॅबी वाटेतच लागते. १४४८ साली स्थापन झालेला हा फ्रान्सिस्कन मठ आता छपराविना उभा आहे आणि त्याच्या चौकात मधोमध एक जुनं यू, म्हणजे सुईसारख्या पानांचं सदाहरित झाड, वाढलंय. पुढे मक्रस हाउस, १८४३ मध्ये बांधून झालेला वाडा. तो आणि भोवतालची जमीन आर्थर व्हिन्सेंट आणि त्याच्या सासू-सासऱ्यांनी १९३२ मध्ये आयरिश सरकारला देऊन टाकली आणि त्यातूनच देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान उभं राहिलं. आज उद्यानाचा विस्तार १०,००० हेक्टरांहून जास्त आहे. आपण निवांत सायकल चालवतो ती त्या देणगीची जमीन, ही गोष्ट मला तिथे दर वेळी आठवते.

मक्रस हाउसपासून तळ्याच्या पश्चिम टोकाच्या दिनिसपर्यंतची वाट सायकलींसाठी एकेरी आहे: घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, तळं कायम डाव्या हाताला. हा नियम पाळाच. एकतर वाट अरुंद आहे आणि वळणावर समोरचं दिसत नाही. दुसरं म्हणजे फेरीच्या शेवटी एन-७१ या मोठ्या रस्त्याशी गाठ पडते. याच दिशेने आलात तर तिथे डाव्या बाजूने, तळ्याच्या कडेनेच जाता येतं. या फेरीत गाड्या भेटतात त्या दिनिस ते टॉर्क धबधबा एवढ्याच तुकड्यात. रिंग ऑफ केरी हा मोठा गोलाकार रस्ता करून येणाऱ्या पर्यटक बसेस केनमेअर गावाकडून याच रस्त्याने दुपारनंतर किलार्नीला परततात. म्हणून सकाळी लवकर निघा आणि हा तुकडा जेवणाच्या वेळेआधी उरका. तळ्याभोवतीचा फेरा साधारण १० किलोमीटरचा आहे, गावातून निघून परत येईपर्यंत २०च्या आसपास होतात. आकड्यावर जाऊ नका, याला आख्खा दिवस द्या.

दिवस कुठे जातो, तर सगळ्यात जास्त रीनाडिना वनात. मक्रस हाउस सोडल्यावर वाट या यू झाडांच्या रानातून जाते. निव्वळ यूची अशी रानं युरोपात फारच थोडी उरली आहेत. सायकल बाजूला लावून जमिनीकडे नीट बघा. माती जवळजवळ नाहीच, खाली चुनखडीचा खडक आहे. मुळं खडकावरून पसरत जाऊन फटीत शिरलेली दिसतात आणि खडक, मुळं, बुंधे या सगळ्यांवर शेवाळाचा एकच जाड थर. वर फांद्या इतक्या दाट की खाली दुसरं फारसं काही रुजत नाही. हात ठेवलात तर बोटं पेरापर्यंत शेवाळात जातात आणि ओली होऊन बाहेर येतात. तळ्याचा हा उत्तर काठ चुनखडीचा आणि समोरचा दक्षिण काठ लाल वालुकाश्माचा. त्यामुळेच पाण्याने इकडचा काठ कुरतडून लहान लहान गुहा केल्यात आणि तिकडचा तसा सरळ राहिलाय. ब्रिकीन पुलावर उभं राहिलं की एका बाजूला लॉख लेन आणि दुसऱ्या बाजूला मक्रस, दोन्ही एकदम दिसतात. सगळे इथे फोटो काढून पुढे पळतात. तुम्ही थांबा, डबा इथेच खा.

जूनमध्ये जाताय म्हणून एक सांगते. जांभळ्या फुलांनी लगडलेली झुडपं जिकडेतिकडे दिसतील आणि फार देखणी वाटतील. हिमालयातल्या बुरांशच्या जातकुळीतलं हे ऱ्होडोडेंड्रॉन इथलं नाही, बाहेरून आणून लावलेलं आहे. त्याच्या सावलीत ओकची रोपं तग धरत नाहीत, म्हणून उद्यानवाले वर्षानुवर्षं ते उपटताहेत. फुलं बघून आनंद होतो हे खरं, पण ते रान बघितलं की मला त्या ओकांचीच काळजी वाटते.

टॉर्क धबधब्यापाशी सायकल खालीच कुलूप लावून ठेवा आणि चालत वर जा.

आता दुसरा दिवस, ज्यासाठी किलार्नीला यायचं. सकाळी रॉस कॅसलच्या धक्क्यावर जायचं. गावातून तिथवरची वाट सपाट आणि सोपी आहे. होडी आदल्या दिवशीच सांगून ठेवा आणि सायकली सोबत आहेत हे आवर्जून कळवा, कारण उघड्या होडीत थोड्याच सायकली मावतात. विजेवरची जड सायकल असेल तर घेतील की नाही हे आधीच विचारा. पॅनियर, म्हणजे सायकलला लटकवलेल्या पिशव्या, धक्क्यावरच काढा. सायकली पुढच्या टोकाला आडव्या रचतात. तुमची सर्वांत वर ठेवता आली नाही, तरी निदान गियरची बाजू वर येईल अशी ठेवायला नावाड्याला सांगा.

होडी लॉख लेन ओलांडून ब्रिकीन पुलाखालून मक्रसमध्ये शिरते आणि तिथून मीटिंग ऑफ द वॉटर्सला, म्हणजे तळ्यांची पाणी एकत्र येतात तिथे, पोचते. इथे जुन्या वेअर पुलाखाली प्रवाहाला जोर असतो आणि होडी त्याच्या उलट वर चढवायची असते. पाणी कमी असेल तर नावाडी प्रवाशांना काठावर उतरवतात, रिकामी होडी पुलाखालून काढतात आणि पलीकडे परत बसवून घेतात. पुढे लाँग रेंज नावाची लांबलचक अरुंद वाहती वाट आणि मग अप्पर लेक. तिथल्या बेटांवर आर्ब्युटसची झाडं आहेत. स्पेन-पोर्तुगालकडे वाढणारं हे झाड आयर्लंडच्या या नैऋत्य कोपऱ्यात आपोआप वाढतं. आकाशाकडे लक्ष ठेवा. २००७ पासून नॉर्वेहून पिल्लं आणून इथे पांढऱ्या शेपटीचा समुद्री गरुड पुन्हा वसवलाय.

अप्पर लेकच्या टोकाला लॉर्ड ब्रँडन्स कॉटेजला उतरलात की सायकलचा दिवस सुरू. चहा तिथेच घ्या, कारण यानंतर चढ आहे. आधी थोडी सपाट ब्लॅक व्हॅली, जिथे वीज सत्तरच्या दशकात पोचली, आणि मग गॅप ऑफ डनलो या खिंडीच्या माथ्यापर्यंत घाटासारखी वळणं. चढ दोनशे मीटरांच्या वर आहे. तुमच्या पत्नीने सायकल हातात धरून चालत चढला तरी काही बिघडत नाही, निम्मे लोक तेच करतात. डावीकडे मॅकगिलिकडीज रीक्स, ज्यात आयर्लंडचं सर्वांत उंच शिखर कारनटूहिल आहे, आणि उजवीकडे पर्पल माउंटन.

काळजी उताराची घ्या. माथ्यावरून खिंडीच्या पायथ्याच्या केट कर्नीज कॉटेजपर्यंत रस्ता अरुंद, वळणांचा आणि जागोजागी खडीचा आहे. टांगे वर येत असतात, मेंढ्या मध्येच बसलेल्या असतात. खिंडीत मोटारींना पूर्ण बंदी नाही, तिथे राहणाऱ्यांच्या गाड्या येतातच, पण त्या मोजक्या असतात. दोन्ही ब्रेक आळीपाळीने दाबा आणि निघण्याआधी ब्रेक पॅड तपासून घ्या. उतारावर एकामागोमाग लहान तळी लागतात. त्यातल्या एकात सेंट पॅट्रिकने आयर्लंडचा शेवटचा साप बुडवला अशी दंतकथा आहे. केट कर्नीजपासून गावापर्यंतचे दहा-बारा किलोमीटर मात्र साध्या रस्त्याचे आहेत, त्यात गाड्या असतील. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, म्हणून घाई न करता गर्दी ओसरल्यावर हा टप्पा घ्या.

आता सामानाचं. डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून गाडी मिळते, बऱ्याचदा मॅलोला बदलावी लागते. सायकलींसाठी डब्यात जागा फारच थोड्या असतात, तेव्हा तिकिटासोबतच त्या आरक्षित करा. मिळाल्या नाहीत तर सायकली घरी ठेवा आणि किलार्नीत भाड्याने घ्या. पत्नीसाठी मी तरी भाड्याचीच सुचवेन, जाड टायरची आणि चढासाठी हलका गियर असलेली. तुमची सडपातळ टायरची रोड बाइक असेल तर रीनाडिनाच्या खडीवर हात भरून येतील. वाऱ्यापावसाचं जाकीट हाताशी, पॅनियरच्या वरच्या कप्प्यात ठेवा. संध्याकाळी झाडांखाली मिज नावाच्या बारीक माश्या चावतात, त्यासाठी मलम घ्या.

होडीच्या दिवशी सकाळी पाऊस लागला तर सरळ तिसऱ्या दिवसावर ढकला. अशा मोकळ्या झालेल्या दुसऱ्या दिवशी रॉस आयलंडच्या सपाट वाटा पुरतात. चार हजार वर्षांपूर्वीच्या तांब्याच्या खाणी तिथे आहेत आणि झाडीमुळे पाऊस थोडा कमी लागतो.