पाळणाघरातली मुलं बाहेर नेताना

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, डिसेंबरात पाळणाघरातल्या मुलांना कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात न्यायचं घाटतंय आणि पालकही मागे लागलेत. फोनवर घाईघाईत काय बोलणार, म्हणून लिहायला बसले. माझं ऐकशील तर यंदा कात्रज नको. जागा उत्तम आहे, पण सव्वाशे एकरांच्या वर आहे. अडीच-तीन वर्षांची मुलं पहिल्या दोन पिंजऱ्यांपाशीच दमतात आणि सगळी एकदम 'कडेवर घे' म्हणतात. वाघ दाखवल्याचं समाधान आईबापांना. मूल घरी जाऊन सांगणार, तिथे नळ गळत होता.

पहिल्या वर्षी चालत दहा मिनिटांच्या आतली ठिकाणं धर. पोस्टाची पेटी, भाजीवाली, पिठाची गिरणी, शेजारच्या सोसायटीतलं पेरूचं झाड. हसू नकोस. गिरणीत नेलं की मुलं आठवडाभर गिरणी-गिरणी खेळतात. मात्र गिरणीवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवायचं, गर्दी नसलेली वेळ विचारायची आणि मुलांना उंबऱ्याबाहेरच उभं करायचं. पट्टा फिरत असताना एकही मूल आत जाता कामा नये, 'जवळून बघू दे की' असं तो स्वतः म्हणाला तरी. डब्यातलं गहू-ज्वारीचं पीठ बाहेर आणून हाताला लावू द्यायचं, मुलांना तेवढं पुरतं.

आता मुख्य गोष्ट. आपण सहलीचं ठिकाण ठरवतो आणि सगळी काळजी त्या ठिकाणाची करतो. पण घसरगुंडीवर सगळ्यांची नजर असते, तिथे मूल फारसं निसटत नाही. ते निसटतं मधल्या वेळांत. फाटकातून बाहेर पडताना, रिक्षात चढता-उतरताना, एकाला शू लागली म्हणून एक मोठं माणूस बाजूला झालं की तेव्हा, आणि सगळ्यांत जास्त निघायच्या वेळी, चपला शोधताना. त्यामुळे कागदावर लिहायचंच असेल तर या वेळा लिही आणि प्रत्येक वेळेसमोर लिही की त्या क्षणी कोण कुठे उभं असेल.

मोजणारी एकच ठेव. 'तू मोजलीस ना?' 'मला वाटलं तू मोजलीस' हे संभाषण फार महागात पडतं. आणि नुसते आकडे मोजू नकोस, बागेत दुसऱ्याचं मूल आपल्या रांगेत सहज येतं नि आकडा बरोबर भरतो. नाव घ्यायचं, तोंड बघायचं. शिवाय प्रत्येक मोठ्या माणसाची मुलं घरूनच नेमून दे. 'ही तीन माझी, ती तीन मावशींची' हे मुलांनाही पाठ असलं पाहिजे.

किती मुलांमागे किती माणसं, हे तू विचारलंस. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक सेविका धरली आहे. तो हिशेब चार भिंतींच्या आतला, रस्त्यावर तो विसर. माझा हिशेब हातांचा आहे. दोन वर्षांच्या आसपासची असतील तर एका बाईमागे दोन, तीन-चार वर्षांची असतील तर तीन. तान्ही मुलं पाळणाघरातच राहणार, म्हणजे एक मावशी त्यांच्यापाशी अडकली. उरलात तुम्ही दोघी, म्हणून मुलं सहा, आणि तीही मोठी. बाकीची पुढच्या आठवड्यात. एखादी आई 'मी येते मदतीला' म्हणाली तर जरूर ने, पण तिला या हिशेबात धरू नकोस. स्वतःचं मूल तिला चिकटून बसतं आणि तिचे दोन्ही हात तिथेच अडकतात.

जायच्या आधी तो रस्ता एकदा एकटीने चाल, त्याच वेळेला. सकाळी दहाचा रस्ता आणि शाळा सुटतानाचा रस्ता एक नसतो. चालताना जरा वाकून बघ. मुलाच्या उंचीवरून उघडं गटार, पार्क केलेल्या गाडीआडचं कुत्रं, विजेच्या डीपीचं लटकणारं दार, सगळं वेगळंच दिसतं. माझ्या पाळणाघरात एक मुलगा होता, दर चेंबरच्या झाकणापाशी बसकण मारायचा आणि भोकातून आत बघून 'कोण आहे?' असं विचारायचा. पहिल्या दिवशी रांग मोडली. पुढे आम्ही त्याला शेवटी ठेवायला लागलो, माझ्या हाताशी, आणि दोन झाकणांपाशी थांबायची मुभा दिली. प्रत्येक मुलाची अशी एक खोड असते. कोण हात सोडून पळतं, कोण रस्त्यात फतकल मारतं, कोण कुठल्याही काकांच्या मागे जातं, हे घरीच माहीत असतं. त्यानुसार रांग लाव.

रिक्षा करायची झालीच तर ओळखीची कर. चढताना एकजण आधी आत बसायची, दुसरी मुलं चढवायची. मुलं मधे, कडेला मोठी माणसं. उतरताना डाव्या बाजूची मावशी आधी उतरून उभी राहते, मग मुलं, आतली बाई सीट नि तळ बघून सर्वांत शेवटी. सगळे उतरून मोजणी होईपर्यंत पैसे द्यायचे नाहीत, कारण पर्स उघडली की नजर खाली जाते. स्कूटीवरून एकेकाला सोडणं तर मुळीच नाही. चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर हेल्मेट आणि सेफ्टी हार्नेस हवं, वेग चाळीसच्या आत हवा, असा केंद्राचा नियमच आहे. आणि नियम नसता तरी परक्याचं लेकरू दुचाकीवर घ्यायचं नसतं.

मुलं सरावली की मग सारसबाग. पण दिनदर्शिका बघून! संकष्टीला, अंगारकीला तळ्यातल्या गणपतीला ही गर्दी असते. देवळाभोवती पाणी आहे, तेव्हा त्या बाजूला नेलंस तर हात धरूनच. पेशवे पार्कातल्या फुलराणीचं, त्या छोट्या आगगाडीचं, मुलांना वेड असतं. १९५६ सालापासूनची गाडी आहे, त्यांच्या आजी-आजोबांनीही त्यात फेरी मारली असेल. ती चालू आहे की दुरुस्तीला, हे आदल्या दिवशी विचारून घे, नाहीतर फाटकात सहा जणांचं रडणं ऐकावं लागेल. पालिकेच्या बऱ्याचशा बागा दुपारी बंद असतात, म्हणून सकाळीच निघायचं आणि ऊन चढायच्या आत परत. मार्चनंतर पत्र्याच्या घसरगुंडीवर आधी आपला तळहात टेकवून बघायचा.

खाऊ घरचा. शेंगदाणे, फुटाणे, चिक्की, गोळ्या नाहीतच. द्राक्षं उभी चिरून, चार फोडी करून. खाताना सगळ्यांनी खाली बसायचं, पळता पळता घास नाही. घशात अडकलं तर काय करायचं हे बाहुलीवर हाताने शिकून घे, मावशींनाही शिकव. एका वर्षाच्या आतल्या बाळाची आणि मोठ्या मुलाची पद्धत वेगळी असते आणि ती नुसती वाचून येत नाही. कुत्रा चावला किंवा नुसतं नख लागलं तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि तसंच दवाखान्यात जायचं. हळद, चुना काही लावायचं नाही. 'ओळखीचंच कुत्रं आहे हो' असं कुणी म्हणालं तरी थांबायचं नाही.

पालकांकडून दर वेळी लेखी होकार घे. कुठे, कशाने, किती वाजता परत, बरोबर कोण. मुलाला कशाची अ‍ॅलर्जी आहे, आईबाप दोघंही उचलत नसतील तर कुणाला फोन करायचा, तेही त्यात. 'काकू, तुमच्यावर विश्वास आहे, लिहून कशाला?' असं म्हणणारे भेटतील, त्यांच्याकडून तर आधी घे. तोच कागद पिशवीत आणि त्याची एक प्रत घरी राहिलेल्या मावशीकडे. ११२, १०८ आणि मुलांसाठीचा १०९८ हे आकडे त्यावर मोठ्या अक्षरात. फोन ऐनवेळी मान टाकतो.

मुलांच्या छातीवर नावाचा बिल्ला लावू नकोस. अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की मूल त्याला ओळखीचा समजतं. एका रंगाच्या टोप्या घाल आणि मनगटावर पट्टीत पाळणाघराचा फोन नंबर लिही. फोटो काढायचे तर काढ, पण ग्रुपवर टाकायचे ते घरी परतल्यावर. आम्ही या क्षणी कुठे आहोत हे साऱ्या गावाला कळायचं कारण नाही. शिवाय ज्या आईच्या मुलाचा फोटो नसतो तिचा फोन तुला बागेतच येतो!

पहिल्या सहलीला मी येईन, पण मागून चालेन आणि मोजणार नाही, तेवढं मावशींना सांगून ठेव. आमच्या गिरणीवाल्याकडे मंगळवारी सकाळी दळणं कमी असतात. सहा टोप्या माझ्याकडे कपाटात पडून आहेत, नव्या शिवायला टाकू नकोस. फक्त मुलांची नावं आणि कोण कशाला घाबरतं ते लिहून पाठव.

तुझी,
काकू