बीप वाजली म्हणजे अर्थ चांगली, असे मीही समजलो होतो

आपण लिहिले आहे की, रात्री मिरजेहून परतताना डावा इंडिकेटर लावला की त्याच्या ठेक्यावर डावा हेडलॅम्प मंद होऊन लुकलुकतो, उजवा मात्र स्थिर राहतो. बल्ब दोनदा बदलून झाले आणि आता गॅरेजवाले अल्टरनेटर बदलायला सांगत आहेत. वाचताना मला माझीच जुनी तक्रार कोणी पुन्हा लिहून काढली आहे असे वाटले, म्हणून जरा सविस्तर लिहितो. फ्यूज, बल्बचा होल्डर आणि बॅटरीची टर्मिनले आपण पाहिली असतीलच, त्यामुळे तिकडे वळत नाही.

मी सांगलीत राहतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली (तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे), तेव्हा माझी गाडी बंपर बुडेल इतक्या पाण्यात दोन दिवस उभी होती. सीट, गालिचे आणि स्टार्टर यांचे काम होऊन गाडी पूर्ववत चालू लागली. डावी बाजू लुकलुकू लागली ती पुढच्या पावसाळ्यात, त्यामुळे तिचा पुराशी काही संबंध असेल असे कोणाच्या, अगदी माझ्याही, मनात आले नाही.

ज्या सर्व्हिस सेंटरला गाडी दाखवली तिथे दोन वेळा स्कॅनर लावून ‘कोड (संगणकाने नोंदवलेला दोषाचा क्रमांक) येत नाही, म्हणजे दोष नाही’ एवढेच उत्तर मिळाले. माझ्या जुन्या गाडीत हेडलॅम्पची वायर स्विच आणि रिलेमधून थेट जाते. मधे संगणकच नाही, तर त्याला कोड कुठून दिसणार, हे तिथल्या सल्लागारांना पटवून देण्यात माझी एक अख्खी दुपार गेली. तिसऱ्या खेपेला त्यांनी अल्टरनेटर सुचवला आणि मी होकार दिला. साडेनऊ हजार रुपये भरून घरी येताना विश्रामबागच्या चौकात इंडिकेटर लावला, तर दिवा पूर्वीसारखाच लुकलुकत होता.

मात्र खरी चूक त्यांची नव्हती, माझी होती, आणि ती सांगायला संकोच वाटतो, कारण मी निवृत्त होईपर्यंत मुलांना ओहमचा नियम शिकवत होतो. होकार देण्यापूर्वी मी घरी मल्टीमीटरने (विजेचे मोजमाप करणाऱ्या मीटरने) डाव्या दिव्याची अर्थ, म्हणजे दिव्यातली वीज गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत नेणारी जोडणी, तपासली होती. दिवे बंद ठेवून, जोड सलग असल्याची बीप वाजते का ते पाहून. बीप वाजली, अर्थ चांगली आहे असे मी ठरवले आणि हातातला योग्य धागा सोडून दिला. बहुतेक मल्टीमीटर पंचवीस-तीस ओहमचा अडथळा असला तरी बीप देतात. ५५ वॉटच्या बल्बला साधारण ५ अँपिअर प्रवाह लागतो, आणि एवढ्या प्रवाहाला वाटेत ०.४ ओहमचा अडथळा आला तरी सुमारे २ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. गंजलेल्या वायरच्या दोन तारा शिल्लक असल्या तरी बीप वाजते. दिवा मात्र त्या दोन तारांवर नीट पेटत नाही. शिवाय साऱ्या गाडीला वीज पुरवणारा अल्टरनेटर एका डाव्या बाजूलाच कसा त्रास देईल, हा साधा प्रश्नही मला तेव्हा पडायला हवा होता. इंजिन रेस केल्यावर दोन्ही हेडलॅम्प आणि आतला दिवाही कमी-जास्त होत असता, तर गोष्ट वेगळी होती.

म्हणून काहीही विकत घेण्यापूर्वी दिवा पेटलेला ठेवून मोजा. इंजिन चालू, लो बीम चालू, मीटर डीसी २० व्होल्टवर. काळी पिन बॅटरीच्या ऋण खांबावरच धरा, वरच्या क्लॅम्पवर नव्हे; लाल पिन हेडलॅम्पच्या कपलरमागे (वायरी जोडणाऱ्या प्लगमागे) अर्थच्या वायरला लावा, पण कपलर काढू नका. आकडा ०.२ व्होल्टच्या आत असेल तर अर्थ ठीक आहे. माझ्याकडे १.९ आला, आणि इंडिकेटर लावताच त्याच्या ठेक्यावर तोही हलू लागला, कारण डावा हेडलॅम्प आणि डावा इंडिकेटर या दोन्हींची अर्थ एकाच बोल्टवर होती. मग लाल पिन क्रमाने थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी), बोल्ट आणि बॉडीचा पत्रा यांवर सरकवत गेलो. थिंबलवर १.८ आणि शेजारच्या उघड्या पत्र्यावर जवळजवळ शून्य, म्हणजे दोष या दोहोंच्या मधेच होता. बोल्ट काढल्यावर थिंबलखाली पुराचा गाळ आणि गंज यांचा पापुद्रा निघाला.

बॅटरीची ऋण बाजू सोडवून पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, वायरचे हिरवे पडलेले टोक कापून नवे थिंबल दाबून बसवले, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावली. जेली वरून लावायची, थिंबल आणि पत्र्याच्या मधे नाही. सगळा खर्च शंभर रुपयांच्या आत झाला, आणि त्यानंतर आकडा ०.०६ आला.

मी व्यवसायाने वायरमन नाही, आणि आपली गाडी नवी असून तिचे दिवे संगणकाच्या ताब्यात असतील, तर हे आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. तिथे जाणकार माणूसच हवा. एलईडी बल्ब टाकून पाहण्याचा सल्ला कोणी दिला, तर माझे मत स्पष्ट विरोधी आहे. एलईडी कमी प्रवाहावर पेटतो, त्यामुळे खराब जोड काही महिने झाकला जातो, आणि हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये तो बसवला की झोत विस्कटून समोरच्याच्या डोळ्यांत जातो. गळीत हंगामात रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या पुढे असताना आपल्याला झोत रस्त्यावर हवा असतो. १०० वॉटचे बल्बही नकोत. त्यांचा प्रवाह आठ अँपिअरच्या पुढे जातो आणि आधीच थकलेला होल्डर वितळतो.

मोजमाप कराल तेव्हा उजव्या दिव्याचाही आकडा घ्या आणि दोन्ही कळवा, म्हणजे तुलना करता येईल.