चटईवरून उठ आणि वर्गात फिर

पत्र दोनदा वाचलं तुझं. वय 25, बीकॉम, मग योग शिक्षकाचा कोर्स, आता नाशिकला सोसायटीच्या हॉलमधे सकाळी सहाचा क्लास, बारा-तेरा जण, बहुतेक तुझ्या आईबाबांच्या वयाचे. तू लिहिलंयस की प्रार्थनेला आवाज नीट निघतो पण सूचना द्यायला लागलीस की घशातच अडकतो, कुणी काही विचारलं की पोटात गोळा येतो, दोघांची तीन महिन्यांची फी राहिलीय ती मागवत नाही, घरी पण कुणाला नाही म्हणता येत नाही. आणि शेवटी विचारलंयस, मी लाइन चुकले का मॅडम?

नाही चुकलीस. पण पत्रात एक ओळ तू सहज लिहून गेलीस, "पूर्ण तास मी पण त्यांच्याबरोबर सगळी आसनं करते", आणि मला वाटतं खरं घोडं तिथेच अडलंय. अगं तूच पश्चिमोत्तानासनात डोकं खाली घालून बसलीस तर समोरचे तुला दिसणार कसे? आणि ते दिसत नाहीत म्हणून मग डोक्यात एकच चालू राहतं, माझं आसन बरोबर दिसतंय का, आवाज कसा येतोय, त्या काकू हसल्या का. नव्या शिक्षकांचं असं खूप होतं, चटई ही लपायची जागा होऊन बसते. तर उद्यापासून आसन एकदाच करून दाखव, मग सरळ उठ आणि त्यांच्यामधून फिर. वीरभद्रासनात कुणाचा पुढचा गुडघा आत झुकतोय, भुजंगासनात कुणाचे खांदे कानाला चिकटलेत, कोण श्वास रोखून लालबुंद झालंय ते बघ. "काका, कोपर जरा वाकवा", बस एवढंच, एका माणसाला एक वाक्य. बारा जणांसमोर बोलायचं म्हटलं की भीती वाटते, पण एका काकांचं कोपर नीट करायला धीर गोळा करावा लागत नाही, आणि तास हा अशाच छोट्या छोट्या वाक्यांचा बनतो.

योगगुरू बी. के. एस. अय्यंगार 1937 साली पुण्यात शिकवायला आले तेव्हा अठरा वर्षांचे होते, लहानपण मलेरिया, टायफॉइड, क्षय अशा आजारपणात गेलेलं, मराठी येत नव्हती, इंग्रजी जेमतेम, आणि समोर डेक्कन जिमखान्यावर त्यांच्याहून धडधाकट, जास्त शिकलेली मंडळी. फक्त सहा महिन्यांसाठी आले होते आणि पुण्याचेच होऊन गेले. पुढे आसनांना आधार म्हणून दोऱ्या, पट्टे, ठोकळे, खुर्च्या हे सगळं त्यांनी आणलं ते समोरच्याचं शरीर कुठे अडतंय हे बघून बघूनच. तेव्हा मराठी येत नाही म्हणून ते थांबले असते तर, विचार कर.

आता प्रश्नांची भीती. ती बरीचशी तयारीने जाते, नुसत्या धीराने नाही. प्रत्येकाकडून एक साधा फॉर्म भरून घे, बीपी, मणका, काचबिंदू, झालेली ऑपरेशन्स, गुडघे. बीपी किंवा काचबिंदूवाल्याला शीर्षासन, सर्वांगासन नाही, स्लिप डिस्कवाल्याला पुढे वाकायला लावायचं नाही, वज्रासनात गुडघा दुखला तर मांडी आणि पोटरीच्या मधे घडी केलेलं ब्लँकेट, तरी दुखलं तर ते आसन सोडायचं. हे पाठ असलं की अर्धा गोळा तिथेच विरघळतो. उरलेल्यासाठी एक वाक्य तोंडात बसव, "हे मला आत्ता सांगता येणार नाही, विचारून परवा सांगते." आणि परवा खरंच सांग, विसरू नकोस! लोक अशा शिक्षिकेवर जास्त विश्वास ठेवतात, हे मी इतक्या वर्षांत पाहिलंय. औषध कमी करू का असं विचारलं तर मात्र डॉक्टरकडेच पाठव, तिथे भिडेला बळी पडायचं नाही.

फीचं म्हणशील तर मेसेज नको करू. क्लास संपल्यावर बाजूला घेऊन "काकू, तीन महिन्यांचे पंधराशे राहिलेत, या आठवड्यात द्याल ना" म्हण आणि गप्प बस. पुढे जे "म्हणजे घाई नाही हं, जमेल तसं" येतं ना तुझ्या तोंडी, ते गिळायचं. पहिल्यांदा कान गरम होतील, होऊ देत. घरी पण हेच, मावशीने सकाळी सात वाजता ये म्हटलं तर "सातला क्लास सुटतो, साडेआठला येते" एवढंच, कारणांची माळ लावायची नाही, कारण जितकी कारणं देशील तितकी समोरचा ती खोडत बसतो.

आणि करिअर म्हणून, आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाची लेव्हल 2, म्हणजे योग वेलनेस इन्स्ट्रक्टरची परीक्षा दे. लेखी असते, प्रात्यक्षिक पण असतं, परीक्षकांसमोर बोलावं लागतं, म्हणूनच दे असं म्हणतेय. तयारीला मैत्रिणीला समोर बसव आणि स्वतः आसन न करता फक्त शब्दांनी तिला त्रिकोणासनात ने, जिथे ती चुकेल तिथे तुझी सूचना कच्ची आहे असं धर आणि वहीत लिहून ठेव.

पंधरा दिवसांनी कळव, काकूंनी पंधराशे दिले का ते पण.